रिकामा फ्लास्क

यिशुन,
१२ जानेवारी २०२५

प्रिय रत्नदीप,

नियमाप्रमाणे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर 'बाटल्या भरल्या' एवढं लिहून भागलं असतं. पण कोव्हिडच्या दिवसांत घरात कोंडलेले असताना आपण ठरवलं होतं, बिअरच्या प्रत्येक घाण्यामागं एक पत्र. नियम तू मोडत नाहीस, मग मी कसा मोडू?

तर काल बाटल्या भरल्या. तुझा स्टार्टर बेफाम निघाला. विनीताला स्टार्टर म्हणजे काय ते समजावताना मी विरजण म्हणालो. माल्टच्या उकळून निवलेल्या पाण्यात यीस्ट आधी वाढवून घ्यायचं आणि मग मोठ्या डब्यात सोडायचं. वुडलँड्स स्टेशनवर तू पिशवीतून तो काचेचा फ्लास्क काढून दिलास, तेव्हा बाकावरच्या आजीबाई आपल्याकडं अशा बघत होत्या की मला उगाचच चोरट्यासारखं झालं. घरी आणून ओतला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बुडबुडत होता. विनीता म्हणते, पोळ्या करताना पाठीमागं कुणीतरी पुटपुटतंय असं वाटतं.

भरण्याआधी ग्लासभर चाखली. गव्हाची बिअर, मागं किंचित केळ्याचा वास, आंबटपणाचं नाव नाही. स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती करू नये, पण अख्ख्या यिशुनमध्ये इतकी चांगली बिअर कुणी केली नसेल. डब्यातली बिअर नळीनं बाटल्यांत उतरवायचा सायफनचा पंप जरा कुरकुरला, वॉशर गेलाय बहुतेक, पण निभावलं.

सगळ्या बाटल्या दिलीपदादांच्या पन्नाशीला. त्यांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये पार्टी आहे, इथल्या मराठी मंडळातले सगळे येणार. आजवर आपण दोघंच पीत आलो आणि दोघंच वाहवा करत आलो. आता चारचौघांत परीक्षा. तू आणि जान्हवी नक्की या. मी सगळ्यांना सांगणार आहे, यीस्ट रत्नदीपचं आणि हात माझे.

तुझा,
शैलेंद्र

*

बुकित पंजांग,
१५ जानेवारी २०२५

प्रिय शैलेंद्र,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून जान्हवी म्हणाली, या माणसाच्या बिअरपेक्षा त्यालाच जास्त फेस येतो. मी तुझी बाजू घेतली नाही.

त्याच स्टार्टरचा उरलेला अर्धा भाग मी माझ्या घाण्यात घातला होता. माझीही बरी झाली आहे, तुझ्याइतकी जगप्रसिद्ध नाही. वॉशर मात्र बदल. लॅबमध्ये नवीन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की स्वच्छ दिसणं वेगळं आणि निर्जंतुक असणं वेगळं. तुला सांगायची गरज नव्हती, सवयीनं सांगितलं.

विनीतावहिनींचा डबा आमच्याकडं आहे. जान्हवीनं त्यात चिवडा भरून ठेवलाय. रिकामा डबा परत द्यायची तिची छाती होत नाही. पार्टीला येताना घेऊन येतो.

रत्नदीप

*

यिशुन,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नदीप,

तुम्ही लवकर निघालात, त्यामुळं निरोप घेता आला नाही. जान्हवीचं डोकं दुखत होतं असं सरोजिनीवहिनी म्हणाल्या. आता बरी असेल.

शनिवारचं काय सांगू? तू होतासच. पहिली बाटली उघडली आणि दिलीपदादांचा नवा सदरा भिजला. दुसरीचं झाकण काढतोय तोवर ती छताकडं निघाली. ज्या दोन-चार शांतपणे उघडल्या त्या अशा आंबट, की मंडळातल्या प्रबोधनं एक घोट घेऊन बाकीची कुंडीत ओतली. सरोजिनीवहिनींनी शेवटी खालच्या दुकानातून कॅन मागवले, स्वतःच्या नवऱ्याच्या वाढदिवसाला. पुरती शोभा झाली माझी.

दोन दिवस डोकं चालवलं. माझ्याकडचं सगळं धुतलेलं, सॅनिटायझरमध्ये बुडवलेलं, तू शिकवलेल्या पद्धतीनं. मग उरतं काय? स्टार्टर. तू तो केलास तेव्हा तुमच्याकडं पाहुणे होते, धावपळ होती. होतं असं कधीकधी. मी तुला दोष देत नाही. फक्त यापुढं स्टार्टर मी माझ्याच घरी करीन म्हणतो, म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको. नवा फ्लास्कही आणलाय. तुझा अश्विनबरोबर पाठवतोय, तो तुमच्या बाजूलाच राहतो.

तू मंडळाचा ग्रुप सोडलेला दिसला. मनावर घेऊ नकोस. पार्टीत मी जे काही बोललो ते ओघात बोललो.

तुझा,
शैलेंद्र

*

बुकित पंजांग,
९ फेब्रुवारी २०२५

शैलेंद्र,

फ्लास्क मिळाला.

भरताना चव चांगली होती, आंबटपणा नव्हता, असं तूच लिहिलं होतंस. स्टार्टरमध्ये दोष असता तर तो डब्यातच कळला असता, भरायच्या आधी. म्हणजे बिघाड नंतरचा आहे. बाटल्या, झाकणं किंवा नळी. वॉशर बदलला होतास का? पंप कुरकुरत होता, तर बिअर नळीत चढवलीस कशी?

माझी बिअर अजून चांगली आहे. स्टार्टर तोच.

रत्नदीप

*

यिशुन,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नदीप,

पत्र आहे की पोलिसातला जबाब? नळी नेहमीसारखीच लावली. महिन्यापूर्वीची गोष्ट आता कोण आठवत बसणार? शास्त्र तुझं, तू म्हणतोस तसं असेलही. पण एक अर्धा चांगला निघाला म्हणून दुसऱ्या अर्ध्यात काही गेलंच नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

सोड रे. बिअरच ती. एवढ्याशावरून आपल्यात वितुष्ट नको. रविवारी लिटिल इंडियात भेटू, डोसा माझ्याकडून. तू ग्रुपवर परत आलास की सगळं पहिल्यासारखं होईल. मंडळी विचारतात, रत्नदीप रागावला का? मी सांगतो, तो रागावणाऱ्यांतला नाही.

तुझा,
शैलेंद्र

*

बुकित पंजांग,
२ मार्च २०२५

शैलेंद्र,

लिहायचं की नाही हे ठरत नव्हतं. जान्हवी नकोच म्हणत होती.

पार्टीत काय झालं ते तू तुझ्या पत्रात लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहितो. सदरा भिजल्यावर दिलीपदादांनी हसत विचारलं, "काय रे, घातलंस काय यात?" तू म्हणालास, "स्टार्टर आमच्याकडचा नाही हो, त्यांच्याकडून आलाय. त्यांच्याकडं कसं काय धुतात-बितात, आपल्याला काय कल्पना." आणि हात माझ्याकडं केलास. प्रबोध म्हणाला, "तरीच." दोघं-तिघं हसले. तूही हसलास. मी चिवड्याची डिश घेऊन उभा होतो आणि जान्हवी माझ्या शेजारी होती. तिचं डोकं दुखत नव्हतं.

'आमच्याकडं' आणि 'त्यांच्याकडं' हे शब्द माझ्या आजीला ज्या आवाजात ऐकावे लागायचे, तो आवाज मला ओळखता येतो. तो तुझ्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं. तू जात काढलीस असं मी म्हणत नाही. तुला ती काढावी लागलीच नाही. प्रबोधला समजलं आणि मलाही समजलं.

त्या बिअरला कितीतरी हात लागले होते. माल्ट अश्विननं दळून आणलं. बाटल्या प्रबोधनं जमवल्या. झाकणं दाबायचं यंत्र दिलीपदादांच्या घरचं. तुला माझेच हात आठवले.

मला लाज वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. पार्टीहून आलो आणि कपडे न बदलता नमुना म्हणून फ्रीजमध्ये ठेवलेला चमचाभर स्टार्टर काढून वास घेतला. सोमवारी तो लॅबमध्ये नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वाटलं, खरंच आपलं चुकलं असेल तर? यीस्टशिवाय त्यात काही नव्हतं. जे काम करून मी पोट भरतो त्यात एका 'तरीच'वर मी स्वतःवर संशय घेतला. हे जान्हवीलाही सांगितलेलं नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय का घेतला ते तुला कधी सांगितलं नाही. मेडिकल हुकलं, असं मी सगळ्यांना सांगतो, ते अर्धंच खरं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला आपलं बोट जेलीच्या बशीत टेकवायला लावलं. दोन दिवसांनी सगळ्यांच्या बश्यांत ठिपके उगवले होते. मी माझी बशी शेजारच्या मुलाच्या बशीशेजारी धरून किती वेळ बघत होतो. या विद्येत कुणाचाच हात जन्मानं स्वच्छ नसतो, सगळ्यांना धुवावाच लागतो. मला ते फार आवडलं होतं.

आणि तो फ्लास्क. जान्हवीनं पिशवी उघडली, आत बघितलं आणि ओट्यावर ठेवला. "रिकामा आलाय," एवढंच म्हणाली. विनीतावहिनींनी आजवर आमचं एक भांडं रिकामं पाठवलेलं नाही, चिमूटभर साखर तरी असायचीच. फ्लास्कमध्ये कुणी काय घालणार, हे मलाही कळतं. तरी आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो.

रत्नदीप

*

यिशुन,
७ मार्च २०२५

रत्नदीप,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि मीटिंग सोडून जिन्यात जाऊन बसलो. तीन दिवस उत्तर लिहितोय आणि खोडतोय. आता जसं आहे तसं लिहितो.

पंप चढतच नव्हता, नुसती हवा येत होती. विनीता गार्गीला ट्यूशनहून आणायला गेली होती. मी नुकताच दहीभात खाऊन उठलो होतो. नळीचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. मध्येच धार तुटली, म्हणून पुन्हा ओढलं. आमच्या घरात पाणीसुद्धा वरून पितात, दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावलेलं चालत नाही. त्या घरातल्या माणसानं सगळी बिअर उष्टी केली, ती मंडळापुढं ठेवली आणि बोट तुझ्याकडं दाखवलं.

आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. पहिली बाटली उसळली तेव्हाच नळीची रबरी चव तोंडात आली. तू विचारलंस, बिअर चढवलीस कशी, तेव्हा मला घाम फुटला. म्हणून तो पोलिसाचा विनोद केला.

तुझंच नाव का आलं, याचा विचार केला. प्रबोधचं का नाही, अश्विनचं का नाही? उत्तर शोधावं लागलं नाही. ते तिथंच होतं, हाताशी. कुणी शिकवल्याचं आठवत नाही आणि विसरलेलंही नव्हतं. मी स्वतःला त्यातला समजत नव्हतो. तुझ्या घरी जेवतो, तुझ्याबरोबर पितो, म्हणजे माझं सगळं स्वच्छ, असा माझा हिशेब होता. मला माझी किळस आली. लाज वाटते हा शब्द अपुरा आहे, पण माझ्याकडं दुसरा नाही.

फ्लास्क विनीताला न सांगता पाठवला. तिनं पाहिला असता तर विचारलं असतं, एवढी घाई कसली? काल तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं माझ्याशी बोलणं बंद केलंय. गार्गी ऐकत होती. ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट से सॉरी लाह. व्हाय सो हार्ड?"

माझं चुकलं, रत्नदीप. मला माफ कर. जान्हवीलाही सांग.

शैलेंद्र

*

बुकित पंजांग,
९ मार्च २०२५

शैलेंद्र,

खरं लिहिलंस ते बरं झालं. पण स्टार्टर चांगला होता हे मला आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही ते दुसरे आहेत.

काल सरोजिनीवहिनींचा जान्हवीला फोन आला. पाडव्याला मंडळात प्रत्येक घरून एक पदार्थ असतो, आणि भरली वांगी दरवर्षी जान्हवीची. वहिनी फार गोड बोलल्या. "यंदा तुम्ही काही आणू नका हं, नुसत्या या. उगाच दगदग कशाला." जान्हवी बरं म्हणाली.

आम्ही येणार नाही.

रत्नदीप

*

यिशुन,
३१ मार्च २०२५

रत्नदीप,

काल पाडवा झाला. तुझ्या पत्रानंतर इतके दिवस मी काय केलं, ते आधी सांगतो, कारण तेही लाजिरवाणंच आहे. मी ग्रुपवर लिहिलं, "बिअर बिघडण्याचं कारण तांत्रिक होतं, स्टार्टरचा दोष नव्हता." खाली अंगठे आले. 'तांत्रिक' लिहिताना मला ठाऊक होतं की मी पुन्हा पळतोय. विनीतानं ते वाचलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "नळीला तोंड लावलं, त्याला तांत्रिक म्हणतात का?"

काल जेवणाआधी दिलीपदादांकडं माईक मागितला. त्यांना वाटलं मी गाणं म्हणतोय. नळी पिशवीतून नेली होती, ती काढून दाखवली. सांगितलं, ही मी तोंडानं ओढली, दहीभाताच्या तोंडानं. बिअर माझ्या उष्ट्यानं नासली. मला ते माहीत होतं, तरी मी रत्नदीपचं नाव घेतलं. त्याचंच का घेतलं, तर त्याचं घेतलं की तुम्ही सगळे लगेच मान्य कराल, हे मला आतून माहीत होतं. आणि तुम्ही केलंत.

मग दिलीपदादा म्हणाले, "अरे, सणाच्या दिवशी हे काय काढलंस? बिअरच ती." माझंच वाक्य, मी तुला लिहिलेलं. प्रबोध म्हणाला, "आपल्या मनात तसं काही नव्हतं रे." मी विचारलं, मग 'तरीच' का म्हणालास? तो श्रीखंडाच्या पातेल्याकडं बघायला लागला. सरोजिनीवहिनी उठून आत गेल्या. नंतर लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, "जान्हवीला फोन केला तर घेईल का? आणि सांगू काय तिला?"

वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जेवायला बसलो तर माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. विनीता ताट घेऊन आली आणि त्यातल्या एकीवर बसली. दुसरी शेवटपर्यंत रिकामीच होती. तेवढ्यानंच मी ताट बाजूला सारलं. मग तू आठवलास, हातात डिश घेऊन उभा असलेला, आणि हे तुझ्या बाबतीत पहिल्यांदा घडलं नसेल हेही तेव्हाच सुचलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ते मला कधी सुचलं नव्हतं.

मी काही मागत नाही, स्टार्टर तर नाहीच. माझी बाटल्यांची पेटी तुझ्याकडं आहे ती टाकून दिलीस तरी चालेल.

शैलेंद्र

*

बुकित पंजांग,
६ एप्रिल २०२५

प्रिय शैलेंद्र,

सप्रेम जय भीम.

सरोजिनीवहिनींचा फोन आला होता. जान्हवीनं घेतला, पण फार बोलली नाही. तिला वेळ लागेल. किती, ते मी तिला विचारणार नाही. मलाही लागेल.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नळी घेऊन उभं राहायला धाडस लागलं असेल. मग म्हणाली, तेव्हाच बोलला असता तर एका वाक्याचं काम होतं. मला दोन्ही पटलं.

तुझी बाटल्यांची पेटी अश्विनबरोबर पाठवतोय. बाटल्या धुतल्या आहेत. कोपऱ्यातल्या बाटलीत जान्हवीनं साखर घातली आहे. घाल असं मी तिला सांगितलं नव्हतं.

स्टार्टर पाठवत नाही. हवा असेल तर शनिवारी सकाळी इकडं ये, इथंच करू. येताना नवा वॉशर आण. आल्यावर आमच्या सिंकवर हात धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. तुझे झाले की बाजूला सरक, मग मी धुतो.

रत्नदीप